मामपोंगच्या चढावर

"सपाट रस्त्यावर काही नाही, मास्टर. मामपोंगचा चढ लागला आणि पुढच्या लॉरीला मागे टाकायला गेलं, की गाडीतला जीवच जातो. परवा समोरून लाकडांचा ट्रक आला. हातभर अंतर राहिलं."

पिकअप उभी करून फ्रेमा बाकावर बसल्या. कुमासी शहराच्या या गॅरेजवस्तीत गाडी एकटी सोडून कुणी जात नाही.

"राखण करताय? टर्बो काढून विकेन म्हणून?" न्यार्को फिटर हसला.

"नाही. बघायचंय."

"गाडी कुणाची, मॅडम?"

"नवऱ्याची. शनिवारी वरच्या गावात अंत्यविधी आहे. त्याआधी व्हायला हवी."

पिकअपच्या दारावर इथल्या रीतीप्रमाणे मालकाचं नाव रंगवलेलं होतं, आग्यापोंग. खाली फोन नंबर.

न्यार्कोने बॉनेट उचलण्याआधी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटले. मग कामाला लागला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. किती कोंबायची, हा हुकूम एका पेन्सिलीएवढ्या बारीक रबरी नळीतून जातो. त्याने आधी मोठ्या पाइपांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. हातपंप लावून व्हॉल्व्ह तपासला. पंपावरचा काटा स्थिर. बारीक नळी तपासली. तिथेही स्थिर.

"सगळं ठीक असेल तर मग जीव जातो कशाने?" फ्रेमांनी विचारलं.

चढावर इंजिन जसं एका अंगाला ओढ घेतं, तशी त्याने नळी वाकवली.

काटा सरकन खाली आला.

त्याने नळी काढून उलटी केली. खालच्या अंगाला नखाएवढी सरळ चीर होती.

"झिजलीय?"

"झिजलेल्या रबराचा भुगा होतो, मॅडम. हे पात्याचं काम आहे. इंजिनावर जोर आला की चीर उघडते, उतरला की मिटते. करणारा जाणकार आहे."

फ्रेमांनी चिरेवरून नख फिरवलं.

"दुसऱ्या फिटरला सापडलं असतं?"

"दहातल्या नऊ जणांना नाही."

"कुणी कापली, ते कळतं?"

"नळीला तोंड नसतं."

"मग नवी बसव. आणि मी इथे आले होते हे कुणाला कळू देऊ नकोस. घरी तर नाहीच." त्यांनी कापलेली नळी उचलून पदरासारख्या घेतलेल्या कापडाच्या टोकात घट्ट बांधली.

पुरावा हीच लपवतेय की काय, न्यार्कोच्या मनात आलं. "किल्ली कुठे असते तुमच्याकडे?"

"घरातच."

"नळी घेऊन येतो," म्हणत तो मागच्या बाजूला गेला आणि दारावरचा नंबर लावला.

"नाना, मी गॅरेजवस्तीतला न्यार्को फिटर. तुमची गाडी माझ्याकडे आहे. तुमच्या बायकोने आणलीय. कुणीतरी मुद्दाम छेडछाड केलीय, जिवावर बेतेल अशी. शनिवारी चढावर ती चालवू नका."



"मी नाही चालवणार," आवाज म्हणाला. "तिला कळलंय हे?"

"तिच्या डोळ्यांदेखतच सापडलं."

"बरं झालं फोन केलास, बाळा. मी येईपर्यंत थांबवून ठेव तिला."

नळी दहा मिनिटांत बसली. न्यार्को उगाच फडकं फिरवत राहिला.

"झालं का?"

"थोडं राहिलंय, मॅडम."

"मघापासून तेवढंच राहिलंय तुझं." त्या उठल्या. तेवढ्यात टॅक्सी येऊन थांबली, आणि फ्रेमा पिकअपच्या आड सरकल्या. न्यार्कोने मान वळवली. एक जीव वाचवल्याचं समाधान त्याच्या मनात होतं.

टॅक्सीवाल्याने म्हाताऱ्या आग्यापोंगला कोपराला धरून उतरवलं आणि पिकअपपाशी आणलं. म्हाताऱ्याने पांढरी काठी बंपरला टेकवली.

"माझे डोळे गेल्यापासून हीच चालवते. एकटी," तो मऊ आवाजात म्हणाला.

छेडछाड नेमकी कुठे झाली, हे न्यार्कोने फोनवर सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचा हात उघड्या बॉनेटखाली गेला, कशालाही न अडखळता थेट त्या बारीक नळीवर, तिच्या खालच्या अंगाला, आणि तिथे थांबला.