मोडनिंबचे सुपुत्र

“सर, फेटा सारखा चाचपू नका. आणि चेहऱ्यावर थोडं गाव आणा,” दाक्षायणी कुजबुजली.

डॉ. रेवणसिद्ध बुगडे यांनी चेहऱ्यावर गाव आणायचा प्रयत्न केला. मोडनिंबच्या शाळेपुढं मांडव घातला होता. हलगी कडाडत होती. मागच्या कापडावर ‘मोडनिंबच्या सुपुत्राचा भव्य सत्कार’ असं रंगवलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि गावाला आनंद करायला निमित्त हवं होतं.

सुपुत्र मोडनिंबला आयुष्यात पहिल्यांदाच आले होते.

बुगडे सोलापूरच्या एका कॉलेजात मेंदू आणि आठवण यांवर संशोधन करत. त्यांचे काही निबंध छापून आले होते. त्यांचा हवाला आजवर जगात एकाच विद्वानानं दिला होता, तो म्हणजे बुगड्यांनीच. नवा निबंध मात्र खळबळ उडवणार होता. न घडलेली गोष्टही माणसाला अगदी रंगावासासकट आठवते, असं त्यात म्हटलं होतं. विलायतेच्या मासिकानं तो परत पाठवला आणि कळवलं, शहाण्या माणसांना न घडलेलं आठवत नाही, प्रयोग करून दाखवा. आणि प्रयोग संपताच लोकांना तिथल्या तिथं खरं सांगा, तरच छापू. इकडे प्राचार्यांनी बजावलं होतं, यंदा निबंध छापून आला नाही तर प्रयोगशाळेच्या खोलीत सायकली लागतील.

म्हणून बुगड्यांची सहायक दाक्षायणी मागच्या महिन्यात मोडनिंबला येऊन एवढंच विचारून गेली होती, “इथं लहानाचे मोठे झालेले रेवणसिद्ध बुगडे आता मोठे डॉक्टर झालेत. आठवतात ना?”

बुगड्यांचं सगळं बालपण सोलापुरात, गिरणीच्या चाळीत, पाढे म्हणण्यात गेलं होतं.

“आठवतात ना म्हंजे?” म्हातारे कोंडीबा माईकपुढं उभे राहिले. “ह्येंचं घर माज्या घराला लागून! लई वांड पोरगं. माजी शेरडं सोडून द्यायचं, आन् वर मलाच इचारायचं, मामा, शेरडं कुटं गेली वं?”

टाळ्या पडल्या. टेपरेकॉर्डरची चाकं फिरत होती. दाक्षायणी आनंदानं लाल झाली होती.

मग कोंडीबांच्या सूनबाई बजाबाई थेट मंचावरच चढल्या. त्यांनी बुगड्यांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“माज्या हातचं माडगं प्याल्याबिगर निजायचं न्हाय माजं लेकरू. कसं वाळलंय बगा! सोलापुरात खायाला घालत न्हाईत व्हय रं?”

त्यांनी पदराखालून हुलग्याच्या माडग्याचा तांब्या काढला. बुगड्यांनी प्रयोगासाठी एक घोट घेतला. मग प्रयोगासाठीच तांब्या रिकामा केला.

“आन् पडला हुता त्ये सांगा की!” मांडवातून कुणीतरी ओरडलं.

“व्हय की!” कोंडीबा म्हणाले. “चिंचंवरनं पडला. म्याच खांद्यावर टाकून न्हेला दवाखान्यात.”

“चिंच कुटली, मामंजी? कडूलिंबावरनं पडला,” बजाबाई म्हणाल्या.

“ए बजे, चिंच!”

“लिंब!”

सरपंच मानसिंग मोठ्या मनानं उठले. “भांडू नगासा. मी तितंच हुतो. रेवण माजा जिवाभावाचा दोस्त. झाड चिंचंचंच. पाय निसटला बिचाऱ्याचा.”

निम्मा मांडव चिंचेचा झाला, निम्मा लिंबाचा. एक आजोबा चप्पल हातात घेऊन लिंबाची बाजू मांडू लागले.

दाक्षायणी बुगड्यांच्या कानाशी आली. “सर, जिंकलो! न घडलेल्या एका गोष्टीच्या दोन आठवणी! आता उठा आणि खरं सांगून टाका. तेवढं टेपवर आलं की निबंध छापलाच म्हणून समजा.”

बुगडे उठले. फेटा सारखा केला. आजोबांनी चप्पल पुन्हा पायात घातली. दाक्षायणीनं टेपरेकॉर्डर त्यांच्यापुढं सरकवला.

“मंडळी,” बुगडे म्हणाले, “तुम्ही एवढं प्रेम केलंत. तेव्हा आता मला खरं सांगायलाच हवं.”

दाक्षायणीनं मान डोलावली.

“चिंच नव्हती आणि लिंबही नव्हता. बाभळ हुती! आन् पाय कुटला निसटतोय? ह्या मानसिंग्यानं ढकललं हुतं मला!”