रोज मांस

पालाप्ये गावाजवळच्या टेकडीवर हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचं थडगं सापडलं. त्यात ना मणी होते, ना मडकं. तरी तिच्या दाताच्या रासायनिक तपासणीत भरपूर मांस खाल्ल्याची खूण निघाली, म्हणून तपासणी करणाऱ्या सेगामेत्सीने तिला सरळ श्रीमंतांत बसवलं. त्याच खुशीत तिने गावी आईला फोन लावला.

"जेवलीस का, आई?"

"जेवले की. रोज मांस खाते. एकटीच्या घरात वाटेकरी कोण आहे?"

फोन ठेवून ती वळली, तर तिचे मार्गदर्शक मोलेफे सर दाताच्या तपासणीचे आकडे वाचत होते.

"घाई केलीस, पोरी. माणूस महिनोन्महिने उपाशी राहिलं की शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. दातात त्याची खूणही अशीच उमटते."

सेगामेत्सीला आईची अंगठी आठवली. दुष्काळात गुरं गेल्यापासून ती बोटात राहीना, म्हणून आईने तिला दोरा गुंडाळला होता.

तिने पुन्हा फोन लावला.


"आई, कुणाचं मांस खातेस तू?"