शिकाऱ्याला एकच रायफल

तिसरी गोळीही कागदाबाहेर गेली, तेव्हा मैदानावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं गाश्परला वाटलं.

दर एप्रिलात शिकारमंडळाचे सगळे जण आपापली रायफल घेऊन टेकडीमागच्या मैदानावर जमत. शंभर मीटरवर हरणाचं चित्र, तीन गोळ्या. रायफलीत खोट निघाली तर रायफल बाद, माणसात निघाली तर त्याचा परवाना बाद. एकावन्न वर्षांत गाश्परची एकही गोळी हरणाला सोडून गेली नव्हती.

मंडळाचा प्रमुख व्हिंको पुढे आला. चाळिशीतला, मोजकं बोलणारा माणूस. "काका, तुमचा दोष नाही. नळी झिजलीय. एकावन्न वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

गाश्परनं मान हलवली. "हो. झिजलीय."

म्हणाला खरा, पण त्याची कानशिलं तापली. अठराव्या वर्षी बापानं घेऊन दिलेली ही पहिली रायफल. दर शिकारीनंतर हातपाय धुवायच्या आधी तो तिची नळी पुसून तेल लावायचा. 'बायको एक वेळ उपाशी राहील, पण रायफल नाही,' असं त्याची पाव्ला शेजारणींना सांगायची. त्या नळीला काय धाड भरली होती? गेले होते ते त्याचे डोळे. आणि बिचारीला तोंड नाही म्हणून त्यानं खापर तिच्यावर फोडलं होतं.

"आपण काकांना नवी देऊ," मागून कुणीतरी ओरडलं. "दुर्बीणवाली! हरणाच्या पापण्या मोजतील!"

"नवी कशाला?" व्हिंको म्हणाला. "काका आयुष्यभर काय सांगत आलेत? शिकाऱ्याला एकच रायफल. पहिली तीच शेवटची. ती संपली की शिकार संपली. हो ना, काका?"

हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. दरवर्षी पंगतीत वाइनचा दुसरा पेला पोटात गेला की गाश्पर हेच सांगायचा. 'तुम्ही रायफली बदलता की मोजे?' म्हणून पोरांची टर उडवायचा. व्हिंकोनं आज चांगलाच डाव साधला. ओढ्याकाठची आपली शिकारीची जागा हवीय मेल्याला, गाश्परच्या मनात आलं.

चार दिवस त्यानं रायफलीकडे पाहिलं नाही. पाव्ला ताट वाढून समोर बसायची. "जेवा हो. लोखंडाचा तुकडा तो. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" तो मात्र ताट तसंच पुढे सरकवायचा.

बाद झालेल्या रायफलीची नळी कारागिराकडून कायमची बुजवून घ्यायची आणि ती भिंतीवर टांगायची, असा नियम होता. पाचव्या दिवशी तो तिला घेऊन गावात बोगोमिरकडे गेला. बोगोमिरच्या तीन पिढ्या बंदुका दुरुस्त करण्यात गेल्या होत्या.

बोगोमिरनं नळीतून उजेडाकडे पाहिलं. "झिजलीय म्हणून कोण गाढव म्हणालं?"

"मी म्हणालो," गाश्पर म्हणाला. त्याला मान वर करवेना. "सगळ्यांदेखत खोटं बोललो मी. माझे डोळे गेलेत रे. परवाना जाईल म्हणून घाबरलो आणि हिला पुढे केलं. लाज वाटते मला. तू लिहून दे, रायफल चांगली आहे म्हणून. परवाना मी परत करतो."

बोगोमिरनं चष्मा चढवला, नळीच्या टोकाशी असलेली नेम धरायची माशी अंगठ्यानं चाचपली आणि रायफल खिडकीशी नेली.

"काका, ही माशी कुणीतरी ठोकून सरकवलीय. हा बघा ताजा घाव. अशानं मी नेम धरला तरी गोळी हातभर बाजूला जाईल."

त्यानं माशी जागेवर आणली. दोघं जुन्या खाणीत गेले. गाश्परनं तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही कागदावरच्या हरणाच्या खांद्यात बसल्या, तळहाताखाली झाकता येतील अशा. गाश्पर तिथेच खडीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

घरी आला तो आरडाओरडा करतच. पाव्ला ओट्याशी उभी राहून कणीक लाटत होती.

"डोळे शाबूत आहेत माझे! त्या व्हिंकोनं माशी ठोकली, हरामखोरानं! चाचणीच्या आदल्या दिवशी आला होता ना इथे, मी घरी नसताना? रविवारी त्याला सगळ्यांपुढे उभा करतो आणि बखोट धरून विचारतो!"

"त्याला काही बोलू नका," पाव्ला म्हणाली. लाटणं थांबलं नव्हतं. "माशी मी ठोकली. मांस ठेचायच्या हातोड्यानं."

"तू?"

"मीच. तो एवढंच म्हणाला, काकांच्या हातातून रायफल सुटली पाहिजे, पण चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको."

"अगं पण का? एकावन्न वर्षांत माझ्या हातून वाकडं काय झालंय? नोव्हेंबरातलं ते एक रानडुक्कर निसटलं, तेवढंच. झुडपात हललं, मी गोळी घातली, थोडक्यात हुकली. कुणाची हुकत नाही?"

पाव्लानं लाटणं खाली ठेवलं. पिठाचे हात पुसले आणि चाचणीपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"रानडुक्कर नव्हतं हो ते," ती म्हणाली. "अडकलेल्या कुत्र्याला सोडवायला व्हिंको त्या झुडपात शिरला होता."