सांधा

बोल्टनचा विल्फ ऑर्मरॉड हाडाचा सुतार. पोराचा, क्लाइव्हचा, रॉक बँड लंडनमध्ये गाजतोय म्हणून उभ्या जन्मात पहिल्यांदा असल्या कार्यक्रमाला आला. शेवटच्या गाण्यात क्लाइव्हने नेहमीसारखी गिटार स्टेजवर आपटून फोडली. पब्लिक वेडं झालं. म्हातारा मात्र सगळे तुकडे कोटात गुंडाळून घेऊन गेला.

आठवड्याने तो परत आला आणि त्याने पोराच्या हातात अख्खी गिटार ठेवली. सरस लावून, सांधे आवळून, वर पॉलिश करून.

"रागाच्या भरात होतं असं माणसाच्या हातून. तुझ्या आईला काही बोललो नाहीये मी."

क्लाइव्हची मान वर होईना. राग कसला, तो तर रोजचाच खेळ होता.

"आज हीच वाजव. सांधा धरतो का बघू."

संध्याकाळी शेवटचं गाणं आलं. "फोड! फोड!" अख्खं सभागृह बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलं. आणि पहिल्या रांगेतला म्हातारा उठून, मागे वळून, एकेकाला समजावू लागला, "अरे, गप्प बसा रे! माझा पोरगा तसा नाही. त्या दिवशी चुकून झालं त्याच्या हातून!"