दरवाजावरचा मावळा

काडीच्या टोकाने तिने मातीच्या मावळ्याच्या हनुवटीवर तीळ काढला. साच्यातले सगळे मावळे सारखेच, पण हा आता सीमेवरच्या नवऱ्यासारखा दिसू लागला. त्याला दिवाळीची रजा मिळाली नव्हती. अंगणातल्या किल्ल्याच्या दरवाजावर तिने त्याला घराकडे तोंड करून उभं केलं.

“पहारेकरी आत बघत नसतो,” म्हणत सासऱ्यांनी त्याला बाहेर वळवलं. तेही जुने फौजी. तिने पुन्हा फिरवलं, त्यांनी पुन्हा. शेवटी ती डोळे पुसत आत गेली.

पहाटे ती पणती लावायला आली, तर किल्ल्याच्या दरवाजावर दुसराच मावळा. मिशा थेट सासऱ्यांसारख्या, पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या. तीळवाला घराच्या उंबऱ्याशी उभा होता.

“आण्णा, हे काय?”

रंगाची बोटं धोतराला पुसत ते म्हणाले, “पहारा बदललाय, पोरी. त्याला घरात घे.”