फियाटची काच

प्रफुल्लनं हातोडा उचलला आणि ओट्यावरून आवाज आला.

"हातोरा ठेव खाली. घरान घट बसलेत. नवरात्रान काच फोराची नाय."

त्याची आई, बायजा, झेंडूची माळ ओवत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, डोळे अधू, पण कान असे की शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या हिनं इथं बसून मोजाव्यात. दसऱ्याला गाडी पुजायची हा हट्टही तिचाच. नवऱ्याची, धाकूशेटची, फियाट पुढच्या फुटक्या काचेनं दारात उभी, हे तिला बघवत नव्हतं.

मानपाड्यात गॅरेजं पैशाला पासरी. पण प्रफुल्लला बाहेरचा माणूस नको होता. नवी काच त्यानं स्वतः कुर्ल्याहून आणली होती. जुनी फोडून काढली असती तर एकट्याचं काम होतं. अख्खी काढायची तर कुणीतरी आत बसून पायांनी रेटायला हवं. त्यानं बायकोला हाक मारली.

"कल्पिता, स्टेअरिंगकडं बस. तिकडूनच दाब."

कल्पिता गाडीकडं न बघताच आत शिरली. गेल्या वर्षी गोपाळकाल्याला टेंभी नाक्याची हंडी बघून येताना ही गाडी दुभाजकावर चढली होती. एकोणीस वर्षांचा बंटी जागीच गेला. प्रफुल्लच्या तीन बरगड्या मोडल्या. गाडी पोराच्या हातात होती, हे त्यानं पोलिसांना सांगितलं, भावकीला सांगितलं, हिलाही सांगितलं. लोक म्हणाले, कार्टा बापालाही घेऊन जात होता. कल्पिता रडली कमी आणि चिडली जास्त. पोराचा फोटो तिनं कपाटात पालथा घातला. यंदा पितृपक्षात त्याचं पान वाढायलाही ती उठली नाही. जिवंत पोरावरचा राग दोन दिवसांत उतरतो. मेलेल्यावरचा उतरवायचा कुठं?

स्टेअरिंग वाकून पोटाशी आलं होतं. पाय वर घेता येईनात, तशी ती सरकून डाव्या सीटवर गेली.

"तिकडं नको!" प्रफुल्ल बाहेरून ओरडला.

"का?"

प्रफुल्लनं खाली वाकून गोणपाट पसरलं.

कल्पितानं पाय उचलले आणि तशीच थांबली. तिच्या तोंडासमोर काच बशीएवढ्या गोलात चिरली होती. बरोबर या सीटसमोर. स्टेअरिंगपुढची काच धड होती. चिरांमध्ये तीन-चार केस अडकले होते. सोनेरी. हंडीसाठी बंटीनं रंगवून घेतले होते आणि त्यावरून तिनं त्याला दोन दिवस शिव्या घातल्या होत्या.

तिनं एकेक केस सोडवला आणि ओढणीच्या टोकात गाठ मारली. मग पाय लावून काच रेटली. काच अख्खी निघाली. प्रफुल्लनं ती घाईघाईनं गोणपाटात गुंडाळली.

नव्या काचेला त्यानं रबर बसवलं, रबराच्या खाचेतून दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. काच चौकटीवर टेकवून तो बाहेरून दोन्ही तळव्यांनी दाबून उभा राहिला. दोरीची टोकं आत, कल्पिताच्या हातात. ती दोरी ओढेल तसतशी रबराची कड पत्र्यावर चढायची होती. डावी बाजू नीट बसली. मध्यावर येऊन कल्पिता थांबली.

"ओढ ना."

"गाडी कोण चालवत होतं?"

काचेच्या दोन बाजूंना दोघांची तोंडं, मध्ये वीतभर अंतर.

"आता हे काय काढलंस? दोरी ओढ, काच सुटेल."

"दोन महिने तुमच्या बरगड्या शेकल्या मी. त्या कशावर आपटून मोडल्या, एकदा विचारलं नाही तुम्हाला. माझ्या पोराला मात्र रोज बोलले."

प्रफुल्लनं नजर खाली बॉनेटवर नेली. कल्पितानं दोरी सोडली, दार उघडलं आणि ती गाडीतून उतरली.

"अगं, काच पडेल!"

तिनं मागं पाहिलं नाही. घरात कपाटाचं दार करकरलं. मग ती रडली, वर्षभराचं सगळं एकदम. तिच्या रडण्यात पोराचं नाव होतं आणि माफ कर, माफ कर होतं.

प्रफुल्ल काच दाबून उन्हात उभा होता. हात काढावा तर काच खाली, न काढावा तर किती वेळ उभं राहायचं? साबणाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"आई, जरा आत बसून दोरी धर गं."

बायजानं माळेत शेवटचं फूल ओवलं, गाठ मारली. उठली नाही.

"गारी कोन चालवत व्हता?"

"आई, काच..."

"कोन?"

समोरच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. प्रफुल्लनं तोंड काचेजवळ नेलं.

"मी," तो म्हणाला. ते काचेलाच काय ते ऐकू गेलं असेल.

शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बायजानं कानामागं हात धरला.

"मोठ्यानी बोल," ती म्हणाली. "मना आयकू नाय आला."