नाकातलं सोनं

"हलू नकोस, नाहीतर काडी मेंदूपर्यंत जाईल," बडबडी म्हणाली आणि तिने कापसाची काडी मैत्रिणीच्या नाकात फिरवली.

शिंक आली. दोघी हसल्या.

प्रयोगशाळेत शिकणाऱ्या मुलींना आता नवजात बाळांच्या कक्षात काम शिकायचं होतं. त्याआधी एकमेकींच्या नाकातला नमुना औषध घातलेल्या प्लेटवर पसरायचा. औषधाला न जुमानणारे जंतू वाढले, तर कक्षाचं दार बंद.

मैत्रिणीला वर्गात सगळे मावशी म्हणत. तिच्या बहिणीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं, त्याच कक्षात काचेच्या पेटीत होतं. बहीण अंथरुणाला खिळलेली. "तू तरी त्याला उराशी धर गं," एवढंच तिचं पालुपद.

"माझ्या नाकात काही निघालं तर?"

"तू नाकासमोर चालणारी. तुझ्या नाकात काय निघणार?"

दोन दिवसांनी प्लेटवरची वाढ बघायची होती.

मावशी बहिणीला भेटून प्रयोगशाळेत पोचली तेव्हा बडबडीने प्लेटा बाहेर काढून मांडल्याही होत्या. तिची बोटं मार्करच्या शाईने निळी झाली होती.

मावशीची प्लेट कोरी. बडबडीच्या प्लेटवर पिवळेधमक ठिपके.

"अगं, नाकात सोनं पिकवलंस की!"

बडबडी नुसती हसली. "तू जा आत. बाळाला माझा पापा दे."

शिकवणाऱ्या बाईंनी बडबडीला नाकात लावायचं मलम दिलं आणि बाहेर बसवलं.

मावशी रोज हात धुऊन, गाऊन चढवून बाळाला छातीशी घेई. ते इतकं हलकं, की ती स्वतःचा श्वास रोखून धरी.

मग बाळाला ताप आला.

त्याच्या रक्ताच्या प्लेटवरही तेच पिवळे ठिपके. पुन्हा सगळ्यांची नाकं तपासली. या वेळी एकच प्लेट भरली, मावशीची.

तिने बडबडीला जिन्यात गाठलं. "मलमाने तुझं नाक साफ झालं, आणि जाता जाता मला देऊन गेलीस! एका बाकावर बसतो ना आपण!"

बडबडी बाजूने खाली उतरू लागली.

"लावलंस तरी का ते मलम वेळेवर?"

"नाही लावलं."

"बाळ तिकडे तडफडतंय आणि तू..."

बडबडीने कठडा घट्ट धरला.

"लावू कशाला? माझी प्लेट कोरीच होती गं. तुला बाळ धरायचं होतं, म्हणून प्लेटांवरची नावं मी पुसून बदलली."